आमचा बांध: दगड घालावा की तिवरं राखावी?

खारेपाट्या | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव रायगडात, धरमतर खाडीच्या काठी. भातशेती सगळी खारबंदिस्तीच्या आत, म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. बांध आहे म्हणून शेत आहे. मागच्या अमावस्येच्या उधाणाला वळणावर खांड गेली. सुरुवात कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं. बांधाच्या आतल्या अंगाला अंगठ्याएवढ्या बिळातून पाणी येत होतं. खेकड्याचं बीळ. पाणी नितळ असतं तर एवढी भीती नव्हती, पण ते गढूळ येत होतं, म्हणजे पोटातली माती घेऊन येत होतं. पेंढ्याचा बोळा कोंबून वर चिखल थापेपर्यंत ते मनगटाएवढं झालं आणि अर्ध्या तासात आठ-दहा हातांचं भगदाड. रात्री अडीच वाजता पंचवीस माणसं बांबू, पेंढा आणि चिखलाचे गोळे हातोहात देत होती. ओहोटी लागली म्हणून वाचलो. तरी दोन एकरांत खारं पाणी फिरलंच. त्या जमिनीचं मीठ धुऊन निघायला आता दोन-तीन पावसाळे जातील.

काल देवळात बैठक झाली. आप्पा (माझे चुलते, वय ७८) आणि जुने शेतकरी म्हणतात, काळ्या दगडाचं पिचिंग (बांधाच्या उतारावर दगडांचं अस्तर) करून घ्या, विषय संपवा. एका संस्थेची मुलं आली होती, त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली: बांधाच्या बाहेर तिवरांचा (खारफुटीच्या झाडांचा) पट्टा राखा, काही ठिकाणी बांध आत सरकवा, खाडीला जागा द्या. 'जागा द्या' म्हटल्यावर देवळात जो गलका झाला तो इथे टंकता येणार नाही.

ज्यांनी जमिनी आधीच विकल्यात ते गप्प होते. जिताड्याची तळी असलेल्यांना दोन्ही नको, त्यांना फक्त उघाडीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची) दारं नीट हवीत.

कुणी असे नवे-जुने उपाय जवळून पाहिलेत का? पुस्तकी नको, पाहिलेलं सांगा.

---

सुरमई_फ्राय | शनिवार, रात्री ९:५८

वाचतोय. अवांतर: जिताड्याची तळी म्हणालात आणि भूक लागली.

---

निवृत्त_उपअभियंता | शनिवार, रात्री ११:१५

खारेपाट्या, वर्णन अचूक आहे. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून पोखरला जातोय. हे फार थोड्यांना कळतं.

आता दगडाबद्दल. मी नोकरीत असताना धूपप्रतिबंधक बंधारे बांधले आहेत, त्यामुळे मला दगडाचा शत्रू समजू नका. पण तुमच्या प्रश्नावर पिचिंग हे अर्धंच उत्तर आहे. पिचिंग बाहेरच्या लाटेचा मार खातं, तुमचा बांध मात्र पोटातल्या बिळाने गेला. दगडाखाली गाळणीचा थर किंवा भू-कापड नीट टाकलं नाही, तर दगडांच्या फटीतून माती निघून जाते आणि वरून बांध साबूत दिसत असतानाच आत पोकळी होते. नुसते दगड ओतून मोकळं होणं सगळीकडे चालतं, आणि लोकही ट्रक मोजतात, थर मोजत नाहीत.

दुसरं, खाडीकाठचा मातीचा बांध आणि उघड्या समुद्रावरची भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ नको. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. पाया उघडा पडतो, दगड घसरतात, पुन्हा वरून टाकावे लागतात. शिवाय भिंत जिथे संपते तिथून पुढच्या वाडीची वाळू जास्त जाते. मग ती वाडी निवेदन देते, भिंत आणखी दोनशे मीटर वाढते आणि त्रास त्याच्या पुढच्या वाडीला.

---

कर्लीकाठ | रविवार, सकाळी ७:२०

निवृत्तकाका, लिहिलंत ते सगळं खरं. पण आमच्या देवबागात येऊन बोला. एका बाजूला कर्ली खाडी, एका बाजूला अरबी समुद्र, मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी आणि त्या पट्टीवर आमची घरं, माड, विहिरी. दर्या दारात इलो की तेका तुम्ही शास्त्र सांगतलास? दगड घालूचे नाय तर आम्ही होडयेत झोपूचा?

माझ्या आजीच्या वेळी घरासमोर माडांच्या तीन रांगा होत्या. आता एकही नाही. दगड पडला म्हणून घर तरी आहे.

---

रापणकर_पोर | रविवार, सकाळी ८:०५

@कर्लीकाठ, तुमचं घर वाचलं त्याचा आनंदच आहे. पण आमची रापण कुठे ओढायची ते पण सांगा. रापणीला सपाट वाळू लागते. दोन्ही दोर धरून दोन रांगा मागे मागे सरकत येतात, तीस-चाळीस माणसं. मागे सरकायला दगडांचा ढीग असेल तर पाय कुठे ठेवायचा? होडी वर घ्यायला जिथे वाट सोडलीय तिथून उधाणाचं पाणी आत येतं, म्हणून लोक म्हणतात ती वाट पण बुजवा.

घरवाला, होमस्टेवाला आणि रापणवाला एकाच वाडीत राहतात, पण तिघांना किनारा तीन वेगळ्या कामांसाठी हवा असतो.

---

कर्लीकाठ | रविवार, सकाळी ८:३१

होमस्टे माझोच आसा रे. ये कधी, चाय पिऊक. वाटेचं तुझं पटलं, ती बुजवू नये.

---

चिप्पी | रविवार, दुपारी १:१०

मी कांदळवनांवर काम करते, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे. तरी आधी आमच्या बाजूची चूक सांगते. 'तिवरं लावा, किनारा वाचवा' हे वाक्य सरसकट फेकलं जातं. देवबागसारख्या उघड्या, वाळूच्या किनाऱ्यावर तिवर टिकणारच नाही. त्याला चिखल आणि शांत पाणी लागतं. तिथली झाडं वेगळी: वाळूवर पसरणारी मर्यादवेल, मागे केवडा, त्यामागे उंडी, करंज. मर्यादवेल हे नाव बघा, समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते. आणि आपण पर्यटकांना बसायला जागा हवी म्हणून तीच आधी उपटतो.

खारेपाटात (तुमच्यासारख्या खाडीकाठच्या चिखलट पट्ट्यात) मात्र तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या झाडांचा खरा उपयोग आहे. खोडं आणि श्वसनमुळं यांच्या जाळीतून येताना लाट मोडते, गाळ बसतो, बांधाच्या पायथ्याशी जमीन उंचावते. बांधाबाहेर असा पट्टा असेल तर त्याच बांधाला कमी मार बसतो. मी 'बांधाऐवजी तिवरं' म्हणत नाहीये, 'बांधासमोर तिवरं' म्हणतेय.

(२०२० साली पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष घोषित केलं, म्हणून हा आयडी.)

---

खारेपाट्या | रविवार, दुपारी २:४५

चिप्पीताई, बाहेरच्या तिवरांबद्दल आमच्याकडे फारसा वाद नाही. वाद आतल्या तिवरांचा आहे, आणि तो शहरात कुणाला समजावून सांगता येत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारच्या गावाचा बांध फुटला. निवेदनं झाली, पाहणी झाली, मोजमाप झालं, काम झालं नाही. तीन वर्षं भरतीचं पाणी शेतात ये-जा करत राहिलं. पाण्याबरोबर तिवराच्या बिया आल्या. पाचव्या वर्षी तिथे पुरुषभर उंचीची तिवरं. मग बांधाला मंजुरी आली, तेव्हा सांगितलं गेलं की हे आता कांदळवन आहे, हात लावता येणार नाही. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, त्यावर पिकाचा रकाना भाताचा, आणि उभं आहे जंगल. ना पीक, ना नुकसानभरपाई, ना विकता येत.

म्हणून देवळात 'तिवर' शब्द निघाला की लोकांना झाड दिसत नाही, जप्ती दिसते. ती मुलं चांगली होती, पण त्यांना हे माहीतच नव्हतं.

---

चिप्पी | रविवार, दुपारी ३:३०

हे मी ऐकलंय आणि माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आदेश आणि मग सप्टेंबर २०१८ चा निकाल यामुळे कांदळवनाची तोड थांबली, भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामालाही चाप बसला. मुंबई-ठाण्यात डेब्रिज टाकून खाड्या बुजवणाऱ्यांसाठी हे हवंच होतं. तोच नियम फुटलेल्या बांधामागच्या शेतकऱ्याला लागतो तेव्हा तो भरडला जातो, हे मान्य.

एवढंच सांगते: खांड पडली की तारखेसह फोटो, पंचनामा, तलाठ्याची नोंद लगेच करा. शेत होतं आणि बांध फुटल्याने पाणी आलं, याचा कागद झाडं उगवायच्या आधीचा हवा.

---

हेगकर | रविवार, सायंकाळी ७:५०

मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, द हेगजवळ राहतो. मूळचा पेणचा, त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही.

इथे माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर 'झांटमोटर' आहे, म्हणजे वाळूचं इंजिन. २०११ साली समुद्रातून २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू उपसून किनाऱ्याला लागून हुकासारख्या वाकड्या आकाराचा द्वीपकल्प केला. खर्च साधारण ७ कोटी युरो. कल्पना अशी की दर चार-पाच वर्षांनी थोडी थोडी वाळू टाकण्यापेक्षा एकदाच ढीग घाला आणि वारा, लाटा, प्रवाह यांना ती उत्तरेकडे-दक्षिणेकडे वाटू द्या. आणि तसंच होतंय, दरवर्षी आकार बदलतो. समुद्रतळाची वाळू असल्यामुळे तिच्यात मॅमथचे दात आणि हाडं सापडतात. रविवारी लोक खाली माना घालून फिरत असतात. माझ्या मुलीला अजून काही मिळालं नाही, ती माझ्यावर रागावते.

पण इथेही सगळे टाळ्या वाजवत नव्हते. पोहणाऱ्यांना नव्या प्रवाहांची भीती होती. आणि सगळ्यात मोठा प्रश्न भावनेचा. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री बांध फुटून या देशात १८३६ माणसं गेली. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना भिंत दिसली की झोप लागते, वाळूचा ढीग दिसून लागत नाही.

'जागा द्या'वरून झालेला गलका तर इथेही झालाय. झीलंड प्रांतात हेडविगे पोल्डर नावाची शेतजमीन शेल्ड नदीच्या मुखाला परत द्यायची ठरली. त्यावर कितीतरी वर्षं भांडण चाललं. आजोबांनी समुद्राकडून मिळवलेली जमीन नातवाने समुद्राला द्यायची, ही गोष्ट तिथल्या शेतकऱ्याच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. शेवटी २०२२ मध्ये बांध उघडला. आप्पांना सांगा, तुम्ही एकटे नाही.

---

निवृत्त_उपअभियंता | रविवार, रात्री ९:०५

हेगकर, उत्तम माहिती. पण वाचकांनी लगेच 'आपल्याकडे का नाही' सुरू करू नये म्हणून थंड पाणी ओततो. मुंबई-धरमतर भागात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. हेगला दोनच्या आत, पुदुच्चेरीला तर एक मीटरसुद्धा नाही. १९८९ मध्ये बंदराच्या लाटरोधकामुळे पुदुच्चेरीची वाळू अडली आणि शहरासमोरचा किनारा गेला, हे प्रसिद्ध आहे. पुढे २०१८ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा रीफ, म्हणजे लाट मोडणारा कृत्रिम कट्टा, बसवला आणि वाळू परत धरली. मी जाऊन पाहिलंय, दगडांच्या जागी पोरं वाळूत खेळतात. तेच पाच मीटरच्या भरतीत ठेवलं तर कधी पाण्याखाली खोल, कधी उघडं. गणित नव्याने करावं लागतं.

ओडिशात पेंठा इथे वाळू भरलेल्या जिओट्यूबचा बांध आहे. कर्नाटकात उल्लाळला आशियाई विकास बँकेच्या कर्जातून पाण्याखाली रीफ केले. म्हणजे देशात प्रयोग होताहेत. पण प्रयोगाची बातमी उद्घाटनाला येते, पाचव्या वर्षी येत नाही. जिओट्यूबचं कापड एकदा फाटलं की ती गळणारी पिशवी.

---

मिऱ्याबंदर | रविवार, रात्री १०:१२

आमच्या रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्याचा विषय कुणीच काढला नाही! निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार नावाचं जहाज भरकटून थेट आमच्या किनाऱ्याला लागलं. पुढे कितीतरी पावसाळे ते तिथेच. पोरांना सेल्फीला जागा झाली. दगडाचा बंधारा लाटेसाठी बांधतात, जहाजासाठी कोण बांधणार?

---

सुरूबन | सोमवार, सकाळी ९:३०

निसर्ग वादळाचं नाव निघालं म्हणून. माझी वाडी श्रीवर्धन तालुक्यात. किनाऱ्यावर वनखात्याच्या जुन्या लागवडीचं सुरूचं बन होतं, लहानपणापासून आम्ही त्याला संरक्षणच समजायचो. त्या दिवशी दुपारी सुरू काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. घरामागची सुपारी तर गेलीच, नव्वद टक्के बाग आडवी. वर्षानुवर्षं कसलेली बाग तासाभरात गेली.

तरी एक पाहिलं. जिथे वाळूची टेकाडं आणि त्यावर केवडा शाबूत होता तिथे पाणी आत आलं नाही. जिथे टेकाड सपाट करून पार्किंग केलं होतं तिथून आलं. वाऱ्याला काहीच अडवू शकलं नाही, पण पाण्याला टेकाडाने अडवलं. नवा उपाय की जुना, मला माहीत नाही. ते टेकाड कुणी बांधलं नव्हतं, आम्ही फक्त मोडलं.

---

मानसकार | सोमवार, दुपारी १२:४०

गोव्याहून लिहितोय. आमची खाजन शेती म्हणजे तुमचा खारेपाटच. बांध, आत पोय (पाण्याचा साठा), आणि मानस म्हणजे तुमची उघाडी. लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. ना वीज, ना मोटर. शेकडो वर्षं चाललेलं यंत्र. त्यात कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात आणि पावसाळा संपला की मासळी.

हे चालायचं कारण दार नव्हतं, गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, होती. बांधाची देखभाल गावकरी संस्थेकडे. १९६१ नंतर, १९६४ च्या कूळ कायद्याने शेत कुळांकडे गेलं आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे. अनेक ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या. मानशीच्या मासळीचा लिलाव मात्र दरवर्षी वेळेवर! ज्याने लिलाव घेतला त्याला मासे हवेत, म्हणून तो भरतीला दार अडकवून उघडं ठेवतो. जितकं खारं पाणी आत तितकी मासळी. शेत गेलं खड्ड्यात. शेतकरी कमी होतो, लिलाव मोठा होतो आणि मग दार कुणासाठी मिटायचं?

दगड, तिवर, रीफ, सगळं ठीक. पण खारेपाट्या, तुमच्या उघाडीची किल्ली कुणाकडे आहे?

---

खारेपाट्या | सोमवार, रात्री ८:२०

मानसकार, वर्मावर बोट ठेवलंत.

आमच्याकडे पूर्वी शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रदार बांधाचा मालक-राखणदार, त्याबदल्यात धान्यातला हिस्सा. ती काही रामराज्य नव्हती. खोत-सावकारांच्या जाचावर याच भागात चरीचा संप झाला, १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमिनी कसल्या नाहीत. तेव्हा जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. १९४८ आणि मग १९७९ च्या खारभूमी कायद्यानंतर बांध सरकारी झाले आणि आम्हाला वाटलं सुटलो. आप्पा सांगतात, आधी दर घरातून एक माणूस पावसाळ्याआधी बांधावर जायचाच, न गेल्यास दंड. सरकारी झाल्यावर लोक म्हणू लागले, बीळ दिसलं ना, अर्ज करा. खेकडा अर्ज मंजूर व्हायची वाट बघत नाही.

त्यात आता खाडीतून मोठे बार्ज जातात. त्यांच्या लाटा दिवसरात्र बांधाच्या पायथ्याला चाटतात. त्यांना कुणी बैठकीला बोलावत नाही.

---

हेगकर | सोमवार, रात्री ९:१५

इथली यासाठीची संस्था म्हणजे 'वॉटरस्खाप', पाणी मंडळ. मध्ययुगापासून चालू. आज २१ आहेत, त्यांना वेगळा कर द्यावा लागतो, दर चार वर्षांनी निवडणूक. मी नागरिक नसलो तरी रहिवासी म्हणून मत देऊ शकतो. कर भरताना कुरकुरतो, ते वेगळं. या मंडळांच्या पगारावर मस्करॅट नावाच्या पाणघुशी पकडणारी माणसं असतात, कारण त्या बांधात बिळं करतात. तुमच्या खेकड्याचा हा युरोपी भाऊ.

आणि उघाडी म्हणाल तर आमची पूर्व शेल्डची. १९५३ नंतर तिथे पक्कं धरण घालून खाडी बंदच करायची ठरली होती. शिंपले-कालवंवाले कोळी आणि निसर्गवाले एकत्र आले, वर्षानुवर्षं भांडले, आणि १९८६ मध्ये धरणाऐवजी ६२ दारं आली. एरवी उघडी, वादळात बंद. खर्च कितीतरी वाढला. मानसकार, मी ती पाहिली तेव्हा मला पेणची उघाडीच आठवली, फक्त दार चारमजली इमारतीएवढं.

---

सुरमई_फ्राय | सोमवार, रात्री ९:४४

थोडक्यात डच लोकांनी आपली कल्पना चोरली.

---

निवृत्त_उपअभियंता | सोमवार, रात्री १०:०१

कुणी चोरली नाही. समुद्रसपाटीखाली भात किंवा बटाटे लावायचे ठरवलं की दुसरा मार्ग नसतो.

खारेपाट्या, कामाचं बोलतो. वळणावर, जिथे प्रवाह आदळतो, तेवढ्यापुरतं पिचिंग, खाली गाळणीसह. बाकी बांधाला जुनीच चिकणमाती, पण थराथराने दाबून. नुसती ओतलेली नको. माती बांधाच्या पायथ्यालगतची उपसू नका, तिथे खड्डा झाला की बांध त्यात बसतो. बाहेरची तिवरं तशीच. आणि गावातल्या दोघांनी दर उधाणाला टॉर्च घेऊन आतल्या अंगाने फेरी मारायची.

---

चिप्पी | सोमवार, रात्री १०:२०

सहमत, अगदी तिवरांवरही. खुद्द बांधाच्या अंगावर रोप उगवलं तर मात्र ते लहान असतानाच परवानगीचं बघा, मोठं झाल्यावर वाद होईल.

---

खारेपाट्या | शुक्रवार, रात्री ११:३०

काल पुन्हा बैठक झाली. धाग्यातलं बरंचसं वाचून दाखवलं. वळणावर दगडाचा प्रस्ताव आणि बाहेरचा पट्टा राखायचा, इथपर्यंत एकमत. बांध आत सरकवायला साफ नकार. बार्जांच्या वेगाबद्दल वेगळं निवेदन. दर घरातून एक माणूस, यावर अजून घासाघीस चालू आहे, कारण निम्मी घरं पनवेल-मुंबईला.

वाळूच्या इंजिनाचा फोटो आप्पांना मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "हाय बेस. पन पोरा, राती उधान आला त तिकरं बांधाव कोन जातं?"

हेगकर, उत्तर द्या.

---

हेगकर | शनिवार, पहाटे २:०५

आप्पांना सांगा, जातात. त्याला 'डाइकलेखर' म्हणतात, बांधाची फौज. गावातलेच लोक, पाणी मंडळाकडे नाव नोंदवलेले. पाणी चढलं की बोलावणं येतं, मग जोडीजोडीने टॉर्च घेऊन बांधावरून चालायचं. कुठे पाणी झिरपतंय, ते नितळ आहे की गढूळ, एवढंच बघायचं असतं.